पावसाळी पुलीतल्या साखळ्या : कुंडईच्या कारखान्यातल्या प्रकल्प नोंदी

१९ मे

पात्रांवांनी, म्हणजे आमच्या मालकांनी, आज होकार दिला. अट एकच, ऑर्डरी अडता कामा नयेत. वहीच्या पहिल्या पानावर विषय लिहिला : कॅप्रोलॅक्टमच्या ॲनायनिक पॉलिमरीकरणाने ओतलेल्या नायलॉन ६ मधलं रेणुभाराचं वितरण, आणि पावसाळ्यात ते कसं बिघडतं. साध्या भाषेत : कॅप्रोलॅक्टम हा अंगठीसारखा रेणू, अंगठ्या उघडून एकमेकींना जोडल्या की नायलॉनची साखळी, आणि त्या साखळ्यांत लांब किती, आखूड किती. पहिला अर्धा भाग भाचीच्या एमएस्सीच्या प्रबंधासाठी आहे. दुसरा अर्धा आमच्या पोटासाठी.

कारखाना लहान आहे, गोव्यात कुंडईला. ट्रॉलरच्या विंचवरच्या पुल्या, खाणींच्या कन्व्हेयरचे रोलर, बार्जवर लागणारे बुश आणि पट्ट्या, असा माल. तक्रार जुनीच. जून-जुलैत ओतलेल्या पुल्यांपैकी काही दिवाळीच्या आसपास काठाला चिरतात. मार्च-एप्रिलच्या पुल्या त्याच बोटींवर, त्याच दोरखंडाखाली मुकाट फिरत राहतात. बॅच कार्ड काढून बघावं तर दोन्हींची व्हिस्कॉसिटी, म्हणजे द्रावणाचा दाटपणा, सारखी, रंग जवळपास सारखा, कडकपणा सारखा. पात्रांव म्हणतात बोटवाले माल जपून वापरत नाहीत. पण बोटवाले काय फक्त पावसाळी पुल्याच बेपर्वाईने वापरतात?

माझा अंदाज असा की व्हिस्कॉसिटीचा आकडा खोटा नाही, पण तो सरासरी आहे, आणि चिरतो तो सरासरी माल नव्हे.

२२ मे

भाची पणजीहून आली. तिला आधी आमच्या धंद्याचं रसायन सांगून घेतलं, तिने मग मला माझंच रसायन नीट सांगितलं.

नायलॉन ६ कडे जाणाऱ्या वाटा मुख्यतः दोन. पॉल श्लाक यांनी जर्मनीत १९३८ मध्ये कॅप्रोलॅक्टमची अंगठी उघडून पॉलिमर करून दाखवला. त्याआधी ड्यूपॉन्ट या अमेरिकन कंपनीत पहिला नायलॉन काढणाऱ्या कॅरोथर्सच्या गटाला ही अंगठी उघडत नाही असंच वाटत होतं. आज धाग्याचा बहुतेक माल पाण्याच्या साहाय्याने होतो : थोडं पाणी, २५० अंशांच्या आसपास तापमान आणि बरेच तास. मालीमच्या जेटीवर वाळत घातलेल्या नायलॉनच्या जाळ्यांचा धागा याच वाटेने आलेला. इतका वेळ वितळलेल्या स्थितीत राहिल्यावर साखळ्या आपापसांत तुकड्यांची अदलाबदल करत राहतात आणि शेवटी वितरण एका ठरावीक आकाराला येऊन बसतं. पॉलिमर रसायनशास्त्रज्ञ फ्लोरींनी सांगितलेला तो आकार. रेणुभाराची सरासरी दोन तऱ्हांनी काढतात : वजन-सरासरीत जड साखळ्यांना जास्त मान, संख्या-सरासरीत प्रत्येक साखळीला सारखा. पहिली भागिले दुसरी, उत्तर २ च्या जवळ. सगळ्या साखळ्या सारख्या असत्या तर १.

आमची वाट ॲनायनिक. ड्यूपॉन्टच्या जॉइस आणि रिटर यांच्या नावावर १९४१ चं अमेरिकन पेटंट आहे, अल्क धातूंच्या मदतीने लॅक्टमचं पॉलिमर करण्याचं. उत्प्रेरक म्हणून आम्ही वापरतो ते सोडियम कॅप्रोलॅक्टमेट, म्हणजे नायट्रोजनवरचा प्रोटॉन काढून घेतलेला कॅप्रोलॅक्टम. जोडीला ॲक्टिव्हेटर, ज्याच्यापासून साखळी सुरू होते : हेक्सामिथिलीन डायआयसोसायनेटच्या दोन्ही टोकांना कॅप्रोलॅक्टम बसवलेला रेणू. १५० अंशांवर काही मिनिटांत माल घट्ट. नायलॉन ६ स्वतः वितळतो २२० च्या आसपास, म्हणजे साखळी वाढता वाढताच स्फटिक होऊन बसते. हे वाक्य पुढे पुन्हा लागेल.

यात साखळी कशी वाढते ते भाचीने फळ्यावर काढलं. साखळीच्या टोकाला जी अंगठी बसलेली असते तिच्या नायट्रोजनवर दोन कार्बोनिल (कार्बन-ऑक्सिजनच्या जोड्या) ओढाताण करत असतात, म्हणून ती साध्या कॅप्रोलॅक्टमपेक्षा कितीतरी सहज उघडते. ऋणभारित लॅक्टम त्या टोकावर हल्ला करतो, टोकाची अंगठी उघडते, आणि आलेला नवा लॅक्टम टोकावर अंगठी म्हणून बसतो. उरलेला ऋणभार शेजारच्या मोनोमरचा, म्हणजे सुट्या लॅक्टमचा, प्रोटॉन घेऊन पुढचा हल्लेखोर तयार करतो. गंमत अशी की ऋणभार साखळीच्या टोकावर राहतच नाही, तो मोनोमरवर असतो. स्टायरीनच्या ॲनायनिक पॉलिमरीकरणात बरोबर उलटं. तिथे भार टोकावर, तो मरत नाही, म्हणून श्वार्क यांनी १९५६ मध्ये त्याला जिवंत पॉलिमर म्हटलं, आणि तिथे सगळ्या साखळ्या जवळपास एका उंचीच्या निघतात.

"मग मामा, इथेही तसंच व्हायला हवं ना? जितके ॲक्टिव्हेटर तितक्या साखळ्या."

हिशेब तसाच सांगतो. शंभर मोल लॅक्टमला अर्धा मोल ॲक्टिव्हेटर. म्हणजे एका ॲक्टिव्हेटरच्या वाट्याला २०० अंगठ्या. कॅप्रोलॅक्टमचा रेणुभार ११३, तेव्हा साखळी साधारण २२,६०० ची. सगळ्या एकदम सुरू झाल्या, कोणी मेली नाही, कोणाला फांदी फुटली नाही, तर भागाकार १ ला टेकायला हवा.

टेकत नाही. ॲनायनिक नायलॉनचा भागाकार २ च्या वरच जातो, कधी बराच वर. का, तेच या वहीत शोधायचं आहे.

२९ मे

कोरडी बॅच. उन्हाची तिरीप आहे, पाऊस अजून कर्नाटकाच्या खाली, सीलबंद पोती नुकतीच आलेली. याहून चांगला दिवस मिळणार नाही म्हणून आजच ओतून घेतलं.

दोन टाक्या. एकीत लॅक्टम आणि उत्प्रेरक, दुसरीत लॅक्टम आणि ॲक्टिव्हेटर, दोन्ही १३५ अंशांवर, वर नायट्रोजन. साचा १५५ वर. दोन्ही धारा एकत्र पडतात तेव्हा माल पाण्यासारखा पातळ असतो. मिनिट-दोन मिनिटं काहीच घडत नाही. मग पृष्ठभागाचं ओलं तेज जरा जाडसर दिसू लागतं, जणू तेल घातलंय, आणि कडेकडून दुधी रंग आत सरकत येतो. तो मधोमध भेटला की स्फटिकीकरण वरून तरी झालं. मग माल आकसतो आणि साच्याच्या भिंतीपासून केसाएवढा सुटतो. लेथवरचे आमचे मेस्त या फटीकडे टॉर्च मारून बघतात. चारही बाजूंनी सारखी सुटली की ते मान हलवतात. व्हिस्कॉसिटीमीटर विकत घेण्याआधी कारखान्यात हीच तपासणी होती.

यावेळी पुलीच्या मधोमध थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजणारी तार, सोडला होता. कातडीजवळचा, म्हणजे बाहेरच्या थराजवळचा, दुसरा १६५ च्या वर फारसा गेला नाही. मधला चढत चढत १९५ च्या पुढे गेला. आश्चर्य नाही. अंगठी उघडताना उष्णता सुटते, स्फटिक होताना आणखी, आणि ती बाहेर पडायला वाट नसली तर माल पन्नासेक अंशांनी तापतो. जाड पुलीच्या पोटातून उष्णता निघणार कुठून? म्हणजे एकाच पुलीत दोन वेगवेगळ्या भट्ट्या झाल्या. कातडी आणि गाभा वेगळे तपासायचे, हे आज ठरलं.

३ जून

१ तारखेपासून मासेमारी बंद, ३१ जुलैपर्यंत. बोटी वर ओढल्या, दुरुस्त्या सुरू. ऑर्डरींचा ढीग. ज्या महिन्यात हवा सर्वांत ओली त्याच महिन्यात आमच्याकडे सर्वांत जास्त ओतकाम, हा या धंद्याचा गोव्यातला मूळ दोष आहे आणि त्यावर रसायनशास्त्राकडे इलाज नाही.

८ जून

पाऊस लागला. पत्र्यावर असा की टाक्यांजवळ ओरडून बोलावं लागतं.

उघड्या पोत्यातल्या लॅक्टमचं कार्ल फिशर, म्हणजे पाणी मोजायची चाचणी, केलं. ०.१ टक्क्याच्या वर पाणी. कॅप्रोलॅक्टम हवेतलं पाणी ओढतो हे माहीत होतंच, पण हा आकडा भाचीने मोलमध्ये करून दाखवला तेव्हा पात्रांवही वाकून बघायला लागले.

एक किलो लॅक्टम म्हणजे ८.८४ मोल. त्यात मोलच्या हिशेबाने अर्धा टक्का उत्प्रेरक म्हणजे ०.०४४ मोल. वजनाने ०.१ टक्का पाणी म्हणजे एक ग्रॅम, म्हणजे ०.०५६ मोल. पाण्याचा एक रेणू उत्प्रेरकाचा एक रेणू मारतो. ऋणभारित लॅक्टमला प्रोटॉन देऊन पाणी स्वतः हायड्रॉक्साइड होतं. म्हणजे नुसतं उघडं पोतं वितळवून ओतलं तर उत्प्रेरक सगळा संपून वर पाणी शिल्लक. तो हायड्रॉक्साइडही स्वस्थ बसत नाही. तो ॲक्टिव्हेटरच्या टोकांना फोडतो, आणि फुटलेल्या टोकावर साखळी वाढत नाही.

चांगलं वाळवून पाणी ०.०१ टक्क्यावर आणलं तरी उत्प्रेरकाचा आठवा हिस्सा गेलाच.

"पण आपला माल तर पावसातही घट्ट होतो," पात्रांव म्हणाले.

होतो, कारण मुकादम पावसाळ्यात उत्प्रेरक वाढवतात आणि साचाही थोडा जास्त तापवतात. कोणी लिहून ठेवलेलं नाही, हाताला बसलेली सवय आहे. माल वेळेवर घट्ट झाला म्हणजे झालं, अशी कसोटी असली की कोणीही हेच करेल.

११ जून

पावसाळी बॅच, मुद्दाम नेहमीच्या पद्धतीने. लॅक्टम वितळवून थोडा वेळ व्हॅक्यूम, उत्प्रेरक हाताच्या अंदाजाने जास्त, साचा १७० वर. अंदाज म्हणून टाकलेलं मात्र यावेळी आधी वजन करून घेतलं. मध्यभाग २१० ला लागून आला. पुली छान दिसते. कापल्यावर गाभा किंचित पिवळट, जुन्या हस्तिदंताच्या बटणासारखा.

१८ जून

व्हिस्कॉसिटी. मेस्तांनी लेथवर दोन्ही पुल्यांची कातडीची आणि गाभ्याची सालपटं वेगवेगळी काढून दिली. आधी सॉक्सलेट या धुण्याच्या उपकरणात गरम पाण्याने मोनोमर आणि छोटे तुकडे काढून टाकले, वाळवले, वजन केलं. पावसाळी गाभ्याचं वजन सर्वांत जास्त घटलं.

मग ८५ टक्के फॉर्मिक आम्लात द्रावण, २५ अंशांच्या बाथमध्ये उबेलोडे नळी, जिच्यातून द्रावण खाली यायला लागणारा वेळ मोजतात. कोरड्या पुलीचं द्रावण काचेसारखं. पावसाळी गाभ्याचं गढूळ. काचेच्या जाळीदार क्रुसिबलमधून गाळल्यावर जाळीवर पारदर्शक लगदा राहिला, फॉर्मिक आम्लात फुगलेला, काडीने उचलला तर लोंबणारा. तो जेल. साखळ्या एकमेकींना फांद्यांनी इतक्या बांधल्या गेल्या की आता त्यांना विरघळवता येत नाही.

खाली आलेल्या स्वच्छ द्रावणाची सापेक्ष व्हिस्कॉसिटी, जेल वजा करून, २.० च्या जवळ. कोरडीचीही २.० च्या जवळ.

इथेच कार्ड फसवतं. जे सर्वांत मोठे रेणू ते जाळीवर अडकून मोजमापातूनच बाहेर गेले. जे खाली आले त्यांतले फांद्यावाले द्रावणात आखडून बसतात. सरळ साखळी ऐसपैस पसरते आणि प्रवाहाला अडवते, तितक्याच वजनाची फांद्यावाली कमी अडवते. त्यामुळे जड असूनही हलकी दिसते.

भाचीला तरी खात्री पटेना, म्हणून वहीतच हिशेब मांडला. ८५ टक्के फॉर्मिकमध्ये नायलॉन ६ ची आंतरिक व्हिस्कॉसिटी रेणुभाराच्या ०.८२ घाताप्रमाणे वाढते. समजा वजनाने अर्धा माल २०,००० चा आणि अर्धा ८०,००० चा. संख्या-सरासरी ३२,०००, वजन-सरासरी ५०,०००, आणि नळीला दिसणारी सरासरी सुमारे ४८,०००. म्हणजे एका बाटलीत हा मिश्र माल आणि दुसरीत सगळ्या ४८,००० च्या साखळ्या असा माल ठेवला, तर नळीतून दोघे एकाच वेळात खाली येतील.

मेस्त हे ऐकत होते. म्हणाले, "टोपलीत तळाला तारले भरून वर दोन इसवण ठेवले, तर सरासरी मासळी बांगड्याएवढी येणार. पण घरी बांगडा कोणाला मिळेल, सायबा?"

तारले म्हणजे बारीक मासळी, इसवण मोठी, बांगडा मधला. प्रबंधाच्या प्रस्तावनेत हे घालायला गाईड परवानगी देणार नाहीत, पण याहून चांगलं मला लिहिता येणार नाही.

२४ जून

सांजांव, विहिरीत उड्या मारायचं गोव्याचं फेस्त. अर्धे कामगार विहिरीत. कारखाना बंद.

२७ जून

खरं तर हे काम जेल पर्मिएशन क्रोमॅटोग्राफीचं. द्रावण बारीक छिद्रांच्या स्तंभातून सोडायचं, मोठे रेणू छिद्रांत शिरत नाहीत म्हणून आधी बाहेर, छोटे मागून, आणि आख्खं वितरण कागदावर. पण नायलॉन साध्या द्रावकांत उतरत नाही. त्याला हेक्साफ्लुओरोआयसोप्रोपॅनॉल लागतं, महाग आणि कातडीला-डोळ्यांना भयंकर. त्यातही पोटॅशियम किंवा सोडियम ट्रायफ्लुओरोॲसिटेट थोडं घालावं लागतं, नाहीतर साखळ्या द्रावणात एकमेकींशी वागतात कशा आणि दिसतात कशा याचा मेळ राहत नाही. एका बाहेरगावच्या प्रयोगशाळेला विचारलं. जेल असलेला नमुना त्यांच्या स्तंभात घालायला ते तयार नाहीत. त्यांच्या जागी मीही नसतो.

दुसरी युक्ती नायलॉनच्या अमाइडवर ट्रायफ्लुओरोॲसिटिल गट बसवण्याची. हायड्रोजन बंध तुटतात आणि तोच नायलॉन टेट्राहायड्रोफ्युरानमध्ये विरघळतो. मात्र हे गट पाण्याने परत सुटतात. गोव्यात, जूनच्या शेवटी. नको.

टोकांचं टायट्रेशन करून संख्या-सरासरी काढता आली असती, पण तेही पाण्याच्या वाटेवरच्या नायलॉनला ठीक. तिथे एका टोकाला अमाइन, दुसऱ्याला आम्ल. आमच्या साखळीच्या टोकांना ॲक्टिव्हेटरचे अवशेष, लॅक्टमच्या अंगठ्या आणि मेलेल्या टोकांचे कितीतरी प्रकार. काय मोजलं तेच कळणार नाही.

तेव्हा जुनी पद्धत : भाग पाडून अवक्षेपण. टेलर यांनी १९४७ मध्ये नायलॉन ६६ चं वितरण फिनॉल आणि पाण्याच्या जोडीने असंच पाडून दाखवलं होतं आणि ते फ्लोरींच्या आकाराशी जुळलं होतं. फिनॉल मला कारखान्यात नको. फॉर्मिक आणि पाणी चालेल.

५ जुलै

काम कंटाळवाणं आहे आणि मला ते आवडायला लागलं आहे.

पातळ द्रावण, बाथ २५ अंशांवर, ढवळणी सावकाश. ब्युरेटमधून पाणी थेंबथेंब. थेंब जिथे पडतो तिथे पांढरी दोरी दिसते आणि विरघळून जाते. मग एक थेंब असा येतो की दोरी विरघळत नाही, पूर्ण बीकर निळसर धुकट होतो. सर्वांत लांब साखळ्या आता द्रावणात राहायला तयार नाहीत. इथे पाणी थांबवायचं, बीकर कोमट करून धुकं पुन्हा मिटवायचं आणि रात्रभर सावकाश २५ वर येऊ द्यायचं, म्हणजे घाईत खाली ओढल्या गेलेल्या छोट्या साखळ्या परत द्रावणात जातात. सकाळी तळाला जेलीसारखा थर. वरचं ओतून घ्यायचं, थर धुऊन वाळवून वजन करायचं, वरच्याला पुन्हा पाणी.

भाचीची तक्रार : फॉर्मिकच्या वासाने तिला जेवण जात नाही. धुराडं चालू ठेवतो, पण वीज जाते. वीज गेली की बाथही थांबतो आणि तो भाग फुकट. पावसात कुंडईत वीज जाणं हे प्रयोगाच्या त्रुटींत लिहावं का, असं तिने विचारलं. लिही म्हटलं.

१५ जुलै

चारही नमुन्यांचे भाग झाले. प्रत्येक भागाची व्हिस्कॉसिटी काढून वजनाशी मांडली.

कोरडी कातडी : भाग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश उतरत जातात, मधे एकच उंचवटा, भागाकार २ च्या जरा वर. कोरडा गाभा : उंचवटा तोच, पण लांब बाजूला शेपूट, भागाकार अडीचच्या आसपास. पावसाळी कातडी कोरड्या गाभ्यासारखी.

पावसाळी गाभ्याचं वागणं वेगळंच. अगदी थोड्या पाण्यातच मोठा भाग खाली आला. मग बराच वेळ विशेष काही नाही. आणि शेवटी, द्रावण पाण्याने भरल्यावर, चिवट असा एक पांढरा भाग, ज्याची व्हिस्कॉसिटी नळीत जेमतेम दिसते. मधला भाग बारीक. भागाकार ४ च्या वर, आणि तोही जेल बाजूला काढून. इतक्या थोड्या भागांत विभागलं की रुंदी प्रत्यक्षापेक्षा कमीच दिसते, म्हणजे खरा आकडा आणखी वर असणार.

तारले आणि इसवण. मेस्तांना आलेख दाखवला. ते हसले नाहीत, पुलीचा काठ बोटाने चाचपून म्हणाले, "मग चिरणारच."

२२ जुलै

एकाच पाण्याने लांब टोकही वाढवलं आणि आखूडही, हे कसं? भाची दोन दिवस यावरच आहे. आमचं उत्तर असं बसतं.

पाण्याने ॲक्टिव्हेटरची टोकं मारली. कमी टोकं उरली, त्यामुळे जी उरली त्यांच्या वाट्याला जास्त अंगठ्या, म्हणजे लांब साखळ्या. पाण्याने उत्प्रेरकही मारला, म्हणून मुकादमांनी तो वाढवला आणि साचा तापवला. पाण्याला पुरून उरलेला उत्प्रेरक आणि २१० चा गाभा, हे जोडकाम घातक. तीव्र अल्क असलं की साखळीच्या टोकावरच्या कार्बोनिलशेजारचा कार्बनही प्रोटॉन गमावतो आणि दुसऱ्या साखळीच्या टोकावर जाऊन चिकटतो. ही क्लायझेन संघनन म्हणून सगळ्यांनी बारावीनंतर शिकलेली अभिक्रिया. इथे तिच्यातून साखळीला फांदी फुटते, फांद्यांतून जेल होतं, आणि उत्प्रेरक त्यातच खर्ची पडतो. गाभ्याचा पिवळेपणा याच उपअभिक्रियांच्या पदार्थांचा.

आखूड टोक उशिरा जन्मलेल्या साखळ्यांचं. टोकं कमी पडली की ऋणभारित लॅक्टम साध्या लॅक्टमवरच हल्ला करतो. हे काम फार हळू, पण तापलेल्या गाभ्यात ते चालतं, आणि त्यातून नवं टोक तयार होतं. आतापर्यंत बहुतेक अंगठ्या संपलेल्या असतात, मग या नव्या साखळीला वाढायला माल कुठे? शिवाय मोनोमरचाही वाटा उरतो. पॉलिमर आणि मोनोमर यांचा समतोल तापमानाप्रमाणे सरकतो. १५० च्या आसपास दोनतीन टक्के लॅक्टम परत राहतो, २५० ला आठ-दहा टक्के. गाभा जितका तापला तितकं हे वाढलं.

मग अदलाबदलीने हे सगळं परत २ वर का येत नाही? २२ मे च्या नोंदीतलं वाक्य : साखळी वाढता वाढताच स्फटिक होते. वितळलेल्या धाग्याच्या नायलॉनला फिरायला मोकळीक आणि तास असतात. आमच्या पुलीत साखळ्या स्फटिकांत पकडल्या गेलेल्या. बिघडलेलं वितरण तसंच गोठतं.

याबाबतीत जुनं काम बरंचसं झेकोस्लोव्हाकियातलं आहे. ऑटो विख्टर्ले, शेबेंडा आणि क्रालिचेक यांचा कॅप्रोलॅक्टमच्या ॲनायनिक पॉलिमरीकरणावरचा मोठा आढावा १९६१ चा. हेच विख्टर्ले, ज्यांनी त्याच वर्षाच्या अखेरीस घरच्या टेबलावर मुलांच्या खेळण्याच्या भागांतून यंत्र जोडून मऊ कॉन्टॅक्ट लेन्स ओतल्या. भाची लेन्स घालते. तिला सांगितल्यावर तिने शेबेंडांबद्दल काय ते विचारलं, लेन्सबद्दल काहीच नाही. रसायनशास्त्रात टिकेल.

१ ऑगस्ट

बोटी समुद्रात. पावसाळी पुल्या त्यांच्याबरोबर गेल्या; काही करता येणार नाही. कोणत्या बोटीवर कोणती बॅच, एवढं मात्र यावेळी लिहून घेतलं.

पात्रांवांपुढे बदल मांडले. उघडलेलं पोतं त्याच दिवशी संपवायचं, नाहीतर नायट्रोजनच्या ड्रममध्ये. वितळलेल्या लॅक्टमला १०० अंशांच्या वर व्हॅक्यूम, पण घड्याळाने नाही, कार्ल फिशर ०.०१ टक्क्याच्या खाली दाखवेपर्यंत. उत्प्रेरक काट्यावर तोलून, पावसाळ्यातही तितकाच. साचा १५० वर, आणि जाड पुलीला मधोमध लोखंडी गाभा सोडायचा, म्हणजे उष्णता खेचली जाईल आणि पोटातली जाडीही अर्ध्यावर येईल. तो गाभा नंतर तसाच बुश म्हणून राहतो, ही कल्पना मेस्तांची. पोट १९५ ला जाण्याचं मूळ कारणच त्याने जातं, मला ती कार्ल फिशरपेक्षाही जास्त पटली.

सोडियमऐवजी मॅग्नेशियम ब्रोमाइडच्या जोडीचा उत्प्रेरकही सुचवला. तो सोडियमपेक्षा मवाळ अल्क, म्हणून फांद्या कमी. किंमत ऐकून पात्रांवांनी चहा मागवला. विषय संपला.

कार्ल फिशरच्या अभिकर्मकाच्या खर्चावर मात्र त्यांनी खळखळ केली नाही. हिशेबाचं पान त्यांच्या टेबलावर काचेखाली दिसलं.

१९ ऑगस्ट

पाऊस तसाच. नव्या पद्धतीची बॅच. वाळवायला जास्त वेळ गेला, मुकादम वैतागले, घट्ट व्हायला मात्र कोरड्या दिवसाइतकाच वेळ लागला. लोखंडी गाभ्यामुळे सर्वांत तापलेली जागा आता आत आणि बाहेर यांच्या मधे सरकली, आणि तिथेही १८० च्या वर गेलं नाही. कापल्यावर रंग सगळीकडे एकसारखा दुधी.

फॉर्मिकमध्ये द्रावण स्वच्छ. क्रुसिबलच्या जाळीवर तोलण्याइतकं काही राहिलं नाही.

४ सप्टेंबर

चवथीची सुट्टी संपवून भाचीने शेवटचे भाग पाडले. पोटातल्या नमुन्याचा उंचवटा एकच, लांब शेपूट आखूड झालेलं, भागाकार सव्वादोनच्या आसपास. पोट आणि कातडी यांतला फरक आता कोरड्या मे महिन्यातल्या बॅचपेक्षाही कमी. म्हणजे पाणी आणि उष्णता हे दोन वेगळे गुन्हेगार होते. पाण्याचा बंदोबस्त व्हॅक्यूमने झाला, उष्णतेचा लोखंडाने, आणि उष्णतेचा गुन्हा आम्ही उन्हाळ्यातही करत होतो, फक्त त्याने पुल्या चिरण्याइतकं बिघडत नव्हतं.

भाचीच्या प्रबंधात एक शंका राहते आणि ती गाईडनीच काढली : अवक्षेपणात फांद्यावाली साखळी तितक्याच वजनाच्या सरळ साखळीपेक्षा उशिरा खाली येते, तेव्हा लांब टोकाचा काही भाग मधल्या भागांत मिसळला असेल. बरोबर आहे. म्हणून तिने भागाकाराच्या आकड्यांपुढे दशांश ठेवले नाहीत आणि जेलचं वजन वेगळ्या तक्त्यात दिलं.

९ सप्टेंबर

बॅच कार्ड नवं छापून आलं. ओतण्याआधीचं पाणी, पोटातलं सर्वोच्च तापमान, गरम पाण्यात निघालेला अंश, आणि फॉर्मिकमध्ये न विरघळलेला अंश. भाग पाडण्याचं काम रोजच्या कारखान्यात कोणी करणार नाही, त्याची गरजही नाही. शेवटचे दोन रकाने वितरणाची दोन टोकं पुरेशी सांगतात.

जुना व्हिस्कॉसिटीचा रकाना काढून टाकायचा होता. पात्रांव म्हणाले राहू दे, गिऱ्हाइकं तोच बघतात. राहिला. जेलचा रकाना मी त्याच्या लगेच शेजारी घेतला आणि पास-नापासची सही त्याखाली.